ज्यानं उघडलं, त्यानंच बंद करावं

माझ्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन ज्या डॉक्टरांच्या नावावर झालं, ते डॉक्टर आता खासदार आहेत. हे कुणाला सांगितलं की माणूस म्हणतो, वा, नशीबवान आहात. नशीबवान का नाही हे सांगायला बसलो तर त्याचा चहा निवून जाईल.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीसुद्धा अर्धीच. नंतर महानगरपालिकेच्या पाणी खात्यात चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. काम चावीवाल्याचं. आता नव्या सोसायट्यांतल्या लोकांना वाटतं, पाणी नळातच राहतं. पाणी खडकवासल्याहून येतं, टाकीत चढतं, आणि टाकीतून गल्लीत सोडायचं तर रस्त्याखालचा व्हॉल्व्ह कुणीतरी फिरवावा लागतो. लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच चावी खड्ड्यात सोडायची आणि आटे मोजत फिरवायची. येरवड्याच्या चढावरच्या चौदा गल्ल्या माझ्याकडे होत्या. निवडणूक जवळ आली की भलेभले माझ्याशी गोड बोलायचे, कारण मतदानाच्या आठवड्यात कुठल्या गल्लीला किती जोरात पाणी येतं यावर बरंच असायचं. मी कुणाला एक आटा जास्त दिला नाही. म्हणून मला कुणी मुकादमही केलं नाही.

आमच्या कामात एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण साहेबांच्या फायलीतल्या कुठल्याही नियमापेक्षा कडक होता. ज्यानं व्हॉल्व्ह उघडला, त्यानंच तो बंद करायचा. कारण सरळ आहे. व्हॉल्व्ह जुने. एखाद्याला एकोणीस आटे, एखाद्याला तेवीस. एखादा अकराव्या आट्याला अडतो, तिथं अर्धा मागं घ्यायचा आणि मग पुढं न्यायचा. हे उघडणाऱ्याच्या मनगटाला माहीत असतं. दुसरा येतो, अडलं की जोर लावतो आणि आतला दांडा मोडतो. एकदा मी मेहुण्याच्या लग्नाला गेलो. सकाळी उघडून गेलो, दुपारी बदली माणसानं बंद करताना दांडा मोडला. तीन गल्ल्या दोन दिवस कोरड्या, आणि शिव्या मला. त्यानंतर माझा व्हॉल्व्ह मी दुसऱ्या कुणाला बंद करू दिला नाही. तापात गेलो. वडील वारले त्या दिवशी मयत घरात ठेवून गेलो, बंद करून आलो, मग खांदा दिला. नातेवाईक अजून ते उकरून काढतात. काढू देत. त्या दिवशी चौदा गल्ल्यांतून एकही तक्रार आली नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण, हाच नियम मी बायकोच्या पोटाला लावला.

हिवाळ्यात तिचं पोट फुगलं. तीन दिवस बोलली नाही, गॅस आहे म्हणून ओवा खात राहिली. चौथ्या दिवशी दुपारी ओट्याजवळ खाली बसली ती तिला उठता येईना. मुलगा वाघोलीला राहतो, तो येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. रिक्षात घातली आणि ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथंच नेली, कारण तिथं हे डॉक्टर होते. आमच्या गल्लीत चार जणांच्या पोटावर त्यांची शिवण होती. चौघंही कुणी विचारलं नाही तरी शर्ट वर करून दाखवायचे.

आतडं आत फुटलंय, लगेच आत घ्यावं लागेल, असं सांगितलं. कागदावर सही केली. माझी सही पुरी होईपर्यंत नर्सनं दोनदा घड्याळ बघितलं. मग मला रक्त आणायला पिटाळलं. रक्तपेढी नदीच्या पलीकडं. परत आलो तेव्हा दारावरचा लाल दिवा लागलेला होता. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला डॉक्टर स्वतः बाहेर आले. टोपी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, वाचल्या. खराब झालेला तुकडा काढलाय. पण आतडं लगेच जोडता येत नव्हतं, म्हणून शौचाची वाट सध्या पोटावर काढलीये. तिथं पिशवी लावावी लागेल. तीन महिन्यांनी आत भरून आलं की परत जोडू आणि पोटावरचं तोंड बंद करू."

तेव्हा मला बाकी काही कळलं नाही. वाचल्या एवढंच कळलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते वॉर्डात राउंडला आले. मागं सात-आठ डॉक्टर, बदकिणीमागं पिल्लं असतात तसे. मी उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, बंद कोण करणार?"

"म्हणजे?"

मी त्यांना व्हॉल्व्हचा नियम सांगितला. आटे सांगितले, दांडा मोडल्याचं सांगितलं. ते मोठ्यांदा हसले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला. मग माझ्याकडं हात पुढं करून म्हणाले, "पटलं बाबा तुमचं. मग ठरलं. मी उघडलंय, मीच बंद करणार."

मी हात हातात घेतला. माझ्या लेखी विषय मिटला. त्यांच्या मागं एक बारीक चणीची बाई डॉक्टर फाईल धरून उभी होती. तिनं एकदा डॉक्टरांकडं बघितलं आणि खाली मान घालून लिहायला लागली.

आता पिशवीचं सांगतो, कारण ज्यांच्या घरात ती नाही त्यांना कळत नाही. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं लालसर तोंड बाहेर असतं. त्याच्याभोवती एक चकती चिकटवायची आणि तिला पिशवी. त्या तोंडावर माणसाची सत्ता चालत नाही. ते कधीही येतं, कधीही आवाज करतं. बायको ते सगळं न्हाणीघरात कडी लावून करायची. मला एकदाही दाखवलं नाही. मीही बघितलं नाही.

तिला एकाच गोष्टीची घाई होती. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. रविवारी सकाळी तिथं वंदना होते आणि पहिला आवाज हिचा. हिनं सुरुवात केल्याशिवाय बाकीच्या बायका तोंड उघडत नसत. आवाज असा, की मी खालच्या चौकात चावी फिरवत असलो तरी मला कळायचं, आज घसा बसलाय की मोकळा आहे. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं ती एकदा पांढरी साडी नेसून गेली. वंदना झाली. मग दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं असतं. त्या शांततेत पिशवीनं आवाज केला. एक लहान मूल हसलं, त्याच्या आईनं त्याला चापट मारली, ते रडायला लागलं. झालं एवढंच. बायका चांगल्या आहेत, कुणी काही बोललं नाही. ही घरी आली, साडीची घडी केली आणि म्हणाली, "आता बंद झाल्यावरच जाईन."

मग ती दिवस मोजायला लागली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली.

ऑपरेशनला नव्वद दिवस होऊन गेले आणि डॉक्टरांचा चेहरा पुलाच्या खांबावर दिसला. हात जोडलेले, वर पक्षाचं चिन्ह. चौकात चौघं बोलत होते, "तिकीट मिळालं डॉक्टरला." माझ्या छातीत बरं वाटलं, खोटं का बोला. आपल्या ओळखीचा माणूस मोठा होतोय.

ठरल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. त्यांच्या खोलीत ती बारीक बाई डॉक्टर बसली होती.

"सर प्रचारात आहेत, आजोबा. या आजी, मी बघते." तिनं तपासलं, फोटो बघितले आणि हसली. "छान भरलंय. पुढच्या बुधवारी घेऊन टाकू. आठवड्यात घरी."

"बुधवारी?" बायको म्हणाली. असा आवाज मी तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकला.

मी विचारलं, "डॉक्टर कधी येतात?"

"ते काही सांगता येत नाही. पण हे ऑपरेशन मी नेहमी करते, आजोबा."

"कराल हो तुम्ही. पण उघडलं त्यांनी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग फाईल मिटली. "तुमची इच्छा. फार लांबवू मात्र नका. आजींचं वय आहे, साखर आहे."

बसस्टॉपवर बायकोनं मला धरलं. "पोट माझं आहे ना? मला विचारलंत?"

"तुला यातलं काय कळतं?"

"तुम्हाला कळतं? किती पोटं उघडलीत आजवर?"

"त्यांनी शब्द दिलाय."

"शब्द तुम्हाला दिला," ती म्हणाली, "पिशवी मला दिली."

बस आली म्हणून भांडण तुटलं. पुढच्या रविवारी मुलगा आला. आईनंच फोन केला असणार. तो वाघोलीच्या एका कॉलेजात क्लार्क आहे, बोलतो मात्र प्राचार्यासारखा.

"पप्पा, सर आता फुल टाइम पॉलिटिक्समध्ये गेलेत. त्यांची डेट मिळणारच नाही. त्या मॅडम क्वालिफाइड आहेत."

"मी कुठं म्हणतो नाहीत?"

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी प्रॉब्लेम सांगायला लागलो तसा तो उठून उभाच राहिला. "पप्पा, पोटाला आटे नसतात! आईला मी घेऊन जातो. बुधवारी मी सही करतो."

"ने की. मग परत या घराची पायरी चढू नको."

तो आईकडं बघायला लागला. ती ताटं गोळा करत होती. म्हणाली, "घरात वैर लावून मला नीट व्हायचं नाही. जा तू." तो गेला. मी जिंकलो असं मला वाटलं. तसं वाटायची मला सवय होती.

एप्रिलात आमच्या मैदानावर सभा झाली. मी पुढची जागा धरायला ऊन असतानाच गेलो. डॉक्टर बोलायला उभे राहिले. दवाखान्यात हळू बोलणारा माणूस, माइकवर वेगळाच झाला होता. बोलता बोलता म्हणाले, "माझ्या एका पेशंटचे यजमान महापालिकेत चावीवाले होते. साधा माणूस. पण त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. ज्यानं उघडलं, त्यानंच बंद करावं! मी या भागाचं एकेक दुखणं उघडणार आहे, आणि जे उघडेन ते मीच बंद करणार!"

टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले. शेजारच्याला म्हणालो, "चावीवाला म्हणजे मी." तो म्हणाला, "सरका जरा, दिसत नाही."

घरी येऊन बायकोला भाषण सांगितलं, शब्द न् शब्द. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं वाक्य होतं भाषणात. माझी तारीख होती का?"

मी म्हणालो, निवडणूक झाल्यावर निवांत करतील.

मतदानाच्या दिवशी ती आली नाही. रांगेत पिशवी घेऊन उभं राहायचं तिला नको होतं. मी सकाळीच जाऊन आलो, बोटावरची शाई दाखवली.

"कुणाला दिलंत?"

"हे काय विचारणं झालं? डॉक्टरांना."

"निवडून आले तर दिल्लीला जाणार?"

"जाणारच."

"आणि पडले तर?"

"पडले तर काय, येतील परत दवाखान्यात."

"मग मत दुसऱ्याला द्यायचं होतं," ती म्हणाली आणि कूस वळवली.

ते निवडून आले. चांगल्या मतांनी आले. मिरवणूक आमच्या चौकातून गेली. जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळली. आम्ही पाइपासाठी रस्ता खणायला जेसीबी मागायचो तेव्हा आठ-आठ दिवस मिळत नसे. मी बायकोला खिडकीत बोलावलं. ती आली नाही. कॅलेंडरवरच्या फुल्या तिनं कधी बंद केल्या, ते मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. सभेच्या आठवड्यानंतर एकही नव्हती.

त्यांचं जनसंपर्क कार्यालय झालं. तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर एक गळ्यात पक्षाचा पट्टा घातलेला मध्यम वयाचा गृहस्थ होता.

"काम? रस्ता, पाणी, का शाळेचा प्रवेश?"

"बायकोचं ऑपरेशन."

"शिफारसपत्र देतो. कुठल्या दवाखान्याच्या नावानं पाहिजे?"

"पत्र नको. खासदार पाहिजेत. ऑपरेशन करायला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, खासदार ऑपरेशन करत नाहीत."

"हे करतात."

रांगेतला कुणीतरी म्हणाला, "पाच वर्षं थांबा, मग करतील परत." सगळे हसले. मी हसलो नाही. नाव-पत्ता लिहून दिला. दुसऱ्यांदा गेलो, साहेब दिल्लीत. तिसऱ्यांदा गेलो, साहेब पूरग्रस्तांकडे. चौथ्यांदा मला खुर्ची दिली, चहा दिला आणि साहेब दिल्लीत. प्रत्येक वेळी घरी येऊन मी सांगायचो, होईल. ती विचारायची नाही. मीच सांगायचो.

पाचव्यांदा रविवारी गेलो. पाऊस सरत आला होता. डॉक्टर होते. गर्दीतूनच त्यांनी मला ओळखलं. हे खरं सांगितलं पाहिजे, पटकन ओळखलं. "अरे, हेच ते चावीवाले!" सगळ्यांना सांगितलं, मला शेजारी उभं केलं, फोटो काढला. मग विचारलं, "आजी कशा आहेत?"

"पिशवीवर."

त्यांचा चेहरा उतरला. "अजून? मॅडमनी घेतलं नाही त्यांना?"

"मी घेऊ दिलं नाही. तुम्ही शब्द दिला होता."

ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. पेपरवेट फिरवत बसले.

"बाबा, मी आता हात लावत नाही. इतके महिने सुरी हातात नाही. सर्जनचा हात रोज चालावा लागतो. या हातानं मी आता माझ्या घरच्या माणसालाही कापणार नाही. तुमच्या आजींना तर नाहीच."

"बंद करता येत नव्हतं तर उघडलं कशाला तुम्ही?" मी आवाज चढवला. बाहेर ऐकू गेला असेल.

ते उठले, खिडकीपाशी गेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "उघडलं मी नव्हतं."

मला वाटलं, माझा कान गेला.

"त्या दुपारी मी पुलावर गाडीत अडकलो होतो. आजींना थांबवून चाललं नसतं. मॅडमनी उघडलं. मी पोचलो तेव्हा खराब तुकडा काढून झाला होता. पोटावर वाट काढली तीही तिनंच. मी शेजारी उभा राहिलो. काम चांगलं होतं, मला काही करायला उरलंच नव्हतं."

"मग वॉर्डात तसं का म्हणालात?"

"तसंच म्हणतात. पाटी माझ्या नावाची, पेशंट माझा. आणि तुम्ही इतक्या रुबाबात विचारलंत... मला तुमची ती गोष्ट आवडली होती हो."

मी उठलो. त्यांनी गाडीनं सोडायला सांगतो म्हटलं, मी नको म्हटलं. चालत निघालो. मी रागावलो होतो, पण त्यांच्यावर फार वेळ रागावता येईना. माझा नियम खरा धरला, तरी त्या मार्चमधल्या बुधवारी बायकोला ज्या हाताखाली झोपवायला पाहिजे होतं, तो हात समोर बसून या म्हणत होता. मीच उठवून आणलं होतं तिला तिथून.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. लपवायचं मनात आलं होतं, पण मी आयुष्यात आटे कधी चोरले नाहीत. तिनं ऐकलं. "म्हणजे ती पोरगी?" म्हणाली.

"हो."

"बघा," ती म्हणाली. आणि तांदूळ निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मुलालाही बोलावलं, तो थेट तिथंच आला. बाई डॉक्टरनं मागचं काही काढलं नाही. पोट तपासलं, मग रक्त, मग छातीचा कागद, मग हृदयाचा मशीनवरचा फोटो. त्या फोटोपाशी आल्यावर वेळ लागला. आतून अजून एक डॉक्टर आले, भूल देणारे. दोघं हळू बोलत होते.

"आजी, मध्ये कधी छातीत दुखलं होतं?"

"मे महिन्यात. दोन दिवस. जळजळतंय वाटलं."

"घरी सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू?" बायको म्हणाली, "घरात निवडणूक चालली होती."

कुणी हसलं नाही. मुलगा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

बाई डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. हृदयाचा झटका येऊन गेलाय. हृदयाची ताकद निम्म्यावर आलीय. एवढी मोठी भूल झेपणार नाही, भूल देणारे नाही म्हणताहेत आणि त्यांचं बरोबर आहे. "पिशवीनं जिवाला धोका नाही, आजोबा. लोक वर्षानुवर्षं राहतात. ऑपरेशननं आहे."

"मार्चमध्ये झालं असतं?"

"मार्चमध्ये झालं असतं."

मी विचारलं, "तेव्हा सांगितलं का नाहीत तुम्ही? की पोट तुम्हीच उघडलं होतं?"

"सरांच्या पाटीखाली काम करत होते मी. असं बोलायचं नसतं." मग मला नीट बघून म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

मी विचार केला. खरं तेच बोललो. "नाही."

रिक्षात आम्ही तिघं होतो. मुलगा फोनवर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं बोलत होता, कुठल्या कुठल्या दवाखान्यांची नावं घेत होता. बायको म्हणाली, "पुरे आता. मला घरी सोड आणि कामावर जा."

त्यानंतर दोन दिवस ती नेहमीसारखी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून हाक आली. "अहो, इकडं या." कडी लावलेली नव्हती. ती स्टुलावर बसली होती, पदर बाजूला केलेला. मी दारातच थांबलो.

"या आत. लाजायचं काय आता. मला बारीक दिसत नाही, हातही थरथरतो. चकतीचं भोक मोठं कापलं जातं आणि कडेची कातडी सोलते. जन्मभर हेच आहे तर नीट व्हायला पाहिजे."

मी पहिल्यांदा बघितलं. लालसर तोंड, भोवती कातडी कच्ची झालेली, रक्त आलेलं. एवढे महिने ती या कातडीवर चिकट चकती लावत होती आणि काढत होती.

"आधी सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

तिनं चकती आणि छोटी वाकडी कात्री माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला गोल छापलेले असतात, कुठल्या गोलावर कापायचं ते बोटानं दाखवलं. मी चष्मा लावला, फरशीवर मांडी घातली. पहिली चकती बिघडली. "मोठं झालं," ती म्हणाली, "दुसरी घ्या." दुसरी कापायला घेतली. मधेच ते तोंड हललं, आवाज आला, मी दचकलो. ती म्हणाली, "त्याला काही नाही होत. कापा."

माझ्या मनात काय होतं ते तिला सांगायला हवं होतं. मी चुकलो, हे दोनच शब्द. सगळ्या आयुष्यात मी ते कुणाला म्हटले नाहीत, साहेबाला नाही, बापाला नाही. कात्री थांबवली आणि वर बघून तोंड उघडलं.

"बोलू नका," ती म्हणाली. "हात हलतो."